एक दशांश इंचाचे घराणे

सर्किट बोर्डाचा लेआउट करणारे कोणतेही सॉफ्टवेअर उघडा, १४ पायांची साधी डीआयपी आयसी बोर्डावर ठेवा आणि शेजारच्या दोन पॅडांमधले अंतर मोजा. ते २.५४ मिलिमीटर भरेल, म्हणजे बरोबर एक दशांश इंच. १९६४ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीत ब्रायंट रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रांगांचे हे पॅकेज आखले, तेव्हा पायांमध्ये ०.१ इंच आणि रांगांमध्ये ०.३ इंच अंतर ठेवले. आज कॉलेजात शिकणारी मुले मिलिमीटरमध्येच विचार करतात, तरी ब्रेडबोर्डची भोके, हेडर पिना आणि सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतले असंख्य फूटप्रिंट (म्हणजे एकेका भागासाठी आखलेली पॅडांची मांडणी) त्याच मापावर उभे आहेत.

फूटप्रिंटचे मूळ मात्र याहून जुने आहे. व्हिएन्नाहून इंग्लंडला गेलेल्या पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये छापील सर्किटावर रेडिओ चालवून दाखवला. पुढे १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या डँको आणि अब्रॅमसन यांनी भागांचे पाय भोकांतून खाली काढून तांब्याच्या नक्षीला एकाच बुडवणीत सोल्डर करण्याची रीत बसवली. माझ्या मते फूटप्रिंटचा जन्म इथे झाला. कारण आता तांब्याची नक्षी आणि पायांची मांडणी एकमेकांशी जुळलीच पाहिजे, अशी सक्ती आली.

ही जुळवणी बरीच वर्षे माणसांनी हातानेच केली. उजेडाच्या टेबलावर मायलारचा पारदर्शक कागद पसरायचा आणि त्यावर काळी चिकटपट्टी नि गोल पॅड चिकटवत जायचे. दुहेरी बोर्ड असेल तर एका बाजूच्या रेषा लाल आणि दुसरीच्या निळ्या असत; फोटो काढताना फिल्टर लावून त्या वेगळ्या करत. चित्र दुप्पट किंवा चौपट काढायचे आणि फोटोतून लहान करायचे, यामागे साधा हिशेब होता. चौपट चित्रात हात अर्धा मिलिमीटर चुकला, तर बोर्डावर ती चूक एक अष्टमांश मिलिमीटरच उरते. पण आयसीचे १४ पॅड एकेक करून चिकटवले की रांग वाकडी होई. म्हणून बिशप ग्राफिक्ससारख्या कंपन्या संपूर्ण आयसीचे, ट्रान्झिस्टरचे तयार चिकट नमुने विकू लागल्या. एकदा कोणीतरी काळजीने मोजायचे आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा, हा फूटप्रिंट लायब्ररीचा व्यवहार तेव्हाच सुरू झाला.

चित्र संगणकात गेल्यावरही फोटो सुटला नाही. व्हिएन्नातच जन्मलेल्या आणि १९४० मध्ये अमेरिकेत पोचलेल्या जोसेफ गर्बर यांच्या कंपनीचे फोटोप्लॉटर फिल्मवर प्रकाशाने चित्र काढत. रेषा हवी तर दिवा चालू ठेवून सरकायचे, पॅड हवा तर ठरलेल्या आकाराच्या छिद्रातून एक फ्लॅश मारायचा. आजही बोर्ड बनवायला आपण गर्बर फाइलच पाठवतो आणि तीत पॅड उमटवणाऱ्या आज्ञेचे नाव डी०३ फ्लॅश असेच आहे.

खरा गुंता वाढला तो सरफेस माउंटने. भोक गेले, आणि भाग बोर्डावर धरून ठेवण्याचे काम सोल्डरच्या सांध्यावर आले. पॅड थोडा आखूड पडला तर सांधा कच्चा राहतो. दोन पॅड असमान झाले तर वितळलेले सोल्डर एका बाजूने जास्त ओढते आणि चिमुकला रेझिस्टर एका टोकावर उभा राहतो. म्हणून आयपीसी या संस्थेने १९८७ मध्ये आणि मग २००५ च्या आयपीसी-७३५१ मध्ये पॅडाचे गणितच मांडले. पायाच्या पुढे, मागे आणि बाजूला सोल्डर किती हवे, भागाच्या, बोर्डाच्या आणि बसवणाऱ्या यंत्राच्या मापात किती फरक धरायचा, हे सारे त्यात आले. एकाच भागाला दाट, मध्यम आणि ऐसपैस असे तीन फूटप्रिंट असू शकतात, हे त्यातूनच रुजले.

मापांच्या नावांनी मात्र अजून घोळ घातला आहे. इंचाच्या हिशेबात ०६०३ मापाचा रेझिस्टर म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, मेट्रिक हिशेबात तेच ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३. दोन्ही पद्धती वापरात आहेत. म्हणून कीकॅड हे लेआउटचे सॉफ्टवेअर इंची ०६०३ रेझिस्टरच्या फूटप्रिंटच्या नावातच ‘०६०३’ आणि ‘१६०८ मेट्रिक’ अशी दोन्ही मापे लिहिते, आणि ते योग्यच आहे. जुन्या सोव्हिएत आयसींची कथाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या पायांत २.५४ ऐवजी २.५ मिलिमीटर अंतर असे. फरक नगण्य वाटतो, पण ४० पायांच्या आयसीत एका रांगेत १९ अंतरे येतात आणि शेवटचा पाय पाऊण मिलिमीटर चुकतो.

कीकॅड १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या ज्यां-पिएर शारास यांनी सुरू केले. त्यात फूटप्रिंटला पूर्वी मॉड्यूल म्हणत, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘मॉड’ ही अक्षरे अजून टिकून आहेत. त्याची लायब्ररी मोठी आणि चांगली आहे. तरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एखादा बिननावाचा कनेक्टर आणला, तर व्हर्नियर कॅलिपर घेऊन फूटप्रिंट आपणच काढावा लागतो, आणि प्रत्येक शिकणाऱ्याने तो एकदा तरी काढावा असे मला मनापासून वाटते. डेटाशीटमधली आकृती वरून दाखवली आहे की खालून, हे आधी वाचा. आरशातला फूटप्रिंट पडद्यावर अगदी बरोबर दिसतो. पॅडांचे क्रमांक सर्किटच्या आकृतीतल्या सिम्बॉलच्या पिनांशी ताडून पाहा. पहिल्या पिनची खूण भाग बसल्यावरही दिसेल अशी ठेवा. आणि बोर्ड बनवायला पाठवण्याआधी लेआउट एकास एक मापात कागदावर छापा, छापलेले अंतर पट्टीने मोजून खात्री करा आणि तो भाग त्यावर ठेवून पाहा.