युरोपात पीएचडीसाठी फी नाही, पगार मिळतो. अशी जागा कशी शोधायची?

परदेशात पीएचडी म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनसारख्या देशांत मात्र बहुतेक पीएचडी संशोधक विद्यापीठाचे किंवा संशोधन संस्थेचे पगारी कर्मचारी असतात. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाण्याआधी हा पर्याय तपासलेला बरा.

जाहिरात कुठे येते?

इथे प्रवेश परीक्षा किंवा कॅप राउंड नसतो. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला निधी मिळतो आणि नोकरीची जाहिरात निघते, तीही वर्षभरात कधीही. युरोपभरातल्या जागा ‘युरॅक्सेस’ या पोर्टलवर दिसतात, नेदरलँड्सच्या ‘ॲकॅडेमिक ट्रान्सफर’वर. शिवाय प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं ‘व्हेकन्सीज’ पान असतं. अनेकजण फक्त ‘ॲडमिशन्स’चं पान बघतात आणि जागाच नाहीत असं समजून परततात. बहुतेक ठिकाणी मास्टर्स पदवी लागते.

६५ टक्के म्हणजे काय?

जर्मन जाहिरातीत ‘ई १३, ६५ टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ई १३ ही वेतनश्रेणी. ६५ टक्के म्हणजे करार पूर्णवेळाच्या तेवढ्याच तासांचा आणि पगारही तेवढाच. प्रबंधाचं काम प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ खातं, हे गृहीत धरावं. पगाराऐवजी शिष्यवृत्ती असेल तर आरोग्य विम्याचा हप्ता सहसा स्वतः भरावा लागतो. आकडा सारखा दिसला तरी हातात येणारी रक्कम वेगळी असते.

ही अट अनेकांना नडते

युरोपीय संघाच्या निधीतून ‘मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी डॉक्टरल नेटवर्क्स’च्या जागा निघतात. त्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुल्या असतात. पण नियुक्तीआधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेला किंवा शिकत-काम करत असलेला चालत नाही. म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्या विद्यार्थ्याला या योजनेतली जर्मनीतली जागा मिळत नाही, नेदरलँड्समधली मिळू शकते. नागपूर किंवा कोल्हापूरहून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट आड येत नाही. इथे भारतात राहिलेला उमेदवारच फायद्यात!

अर्जात काय लिहायचं?

सीव्ही, गुणपत्रकं, शिफारस देणाऱ्यांची नावं आणि एक पत्र. खरा कस पत्रात लागतो. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ हे वाक्य निवड समितीने शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी मास्टर्सच्या प्रबंधात नेमकं काय केलं, कोणतं तंत्र किंवा सॉफ्टवेअर हाताळलं, काय फसलं आणि प्रकल्पातल्या कोणत्या प्रश्नाशी ते जुळतं, हे एका पानात सांगावं. एकच पत्र चाळीस ठिकाणी पाठवलं की ते लगेच ओळखू येतं. शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना आधी विचारावं, कारण समिती त्यांना थेट ईमेल करू शकते.

‘पक्की जागा’ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहावं. निवड प्राध्यापक आणि समिती मुलाखत घेऊन करतात. मुलाखत बहुधा ऑनलाइन होते.

पगारी जागा नसेल, पण प्रवेश मिळाला असेल, तर महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पीएचडीलाही मिळते, मात्र विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते.