गेमवर '१८+' लिहिलंय, पण ते बघतंय कोण?

समजा, महाडमध्ये 'ए' सर्टिफिकेटचा सिनेमा लागलाय. नववीतल्या पोराला आत सोडलं, तर थिएटरवाला कायद्याने अडचणीत येतो. तेच पोरगं पोलादपूरला घरी बसून आईच्या मोबाइलवर रक्तपाताचा गेम डाउनलोड करतं, तेव्हा मात्र कुणीच अडवत नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, व्हिडिओ गेमला भारतात असं मंडळच नाही.

मग प्ले स्टोअरवर दिसणारं ३+, १२+, १८+ काय असतं? गेम बनवणारे एक प्रश्नावली भरतात. हिंसा किती, शिव्या आहेत का, जुगार आहे का? या उत्तरांवरून वयाचा शिक्का बसतो. आयएआरसी असं या आंतरराष्ट्रीय पद्धतीचं नाव.

जपानमध्ये हे काम २००२ पासून 'सेरो' ही संस्था करते. तिचे ए, बी, सी, डी आणि झेड असे पाच शिक्के आहेत. झेड म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. गंमत म्हणजे सेरोही सरकारी नाही. पण दुकानदार तिचा शिक्का पाळतात आणि स्थानिक सरकारं मागे उभी राहतात. २००५ मध्ये कानागावा प्रांताने 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' मुलांसाठी घातक ठरवून १८ वर्षांखालच्यांना विकायला बंदी घातली.

हातपाय तुटताना दाखवण्याबाबत तर जपान फारच कडक. २०२२ मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल'च्या निर्मात्यांनी काटछाट नाकारली आणि तो गेम तिथे आलाच नाही. भीतिदायक 'रेसिडेंट ईव्हिल' मालिका जपानचीच, पण तिचे काही भाग घरी सौम्य आणि झेड अशा दोन आवृत्त्यांत विकले जातात.

महाड-पोलादपूरच्या पोरांचा गेम मात्र दुकानातून नाही, डेटा पॅकवरून येतो. काउंटरच नाही, तर वय विचारणार कोण?

महाराष्ट्रात हा प्रश्न कोर्टात गेला होता. २०१९ मध्ये पबजीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. गेममधला मजकूर तपासा, असं न्यायालयाने केंद्राच्या आयटी खात्याला सांगितलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली खरी, पण कारण होतं देशाची सुरक्षा आणि डेटा. मुलांच्या वयाचा त्यात संबंध नव्हता. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोखही पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे.

त्यामुळे चावी सध्या पालकांच्याच हातात. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'फॅमिली', त्यात 'पॅरेंटल कंट्रोल्स'. तिथे पिन टाकून वयाची मर्यादा ठरवता येते. ती आपोआप सुरू नसते. आधीच डाउनलोड केलेले किंवा मित्राने फाइल पाठवून दिलेले गेम ती अडवत नाही. आणि पिन पोराचाच वाढदिवस ठेवू नका.