एचडीएफएस : खराब प्रत आणि जादा प्रत

चुडाव्याला आमच्या घरी सातबाऱ्याच्या तीन झेरॉक्स असायच्या. एकीला वाळवी लागली तरी काम अडत नसे. एचडीएफएस हेच करते. डिफॉल्ट सेटिंगमध्ये फाईलचे १२८ एमबीचे ब्लॉक पाडून प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवते. खरी प्रत कोणती, हे बहुमताने ठरत नाही. दर ५१२ बाईटला चेकसम असतो. तो जुळला नाही की नेमनोडला कळवलं जातं. नेमनोड आधी चांगल्या प्रतीवरून नवी करून घेतो, मगच खराब प्रत काढतो. बंद पडलेलं मशीन परत आलं की प्रती चार होतात. तेव्हा जादा प्रत उडवली जाते. पण चुकून फाईलच डिलीट केलीत तर तिन्ही प्रती जातात. म्हणून बॅकअप वेगळा घ्याच.