देऊळ आणि दिवाबत्ती

देऊळ बांधावयाचे म्हटले की गाव सढळ हाताने वर्गणी देतो. रोजच्या दिवाबत्तीला मात्र तेल मिळत नाही. कोणालाही वापरता, तपासता व सुधारता येणाऱ्या संगणकाच्या मुक्त आज्ञावलींचा इतिहास याहून निराळा नाही.

२००२ साली हॉलंडमधील एक कंपनी बंद पडली आणि चित्रांना चलनवलन देणारी तिची 'ब्लेंडर' ही आज्ञावली अडकून पडली. एक लक्ष युरो मिळाल्यास ती मुक्त करण्यास भांडवलदार राजी झाले. तिचे जनक टॉन रोझेंदाल यांनी लोकांपुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि ऑक्टोबरात ब्लेंडर सर्वांची झाली!

आता दुसरी बाजू पाहा. 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली जगभरचे असंख्य गुप्त व्यवहार सांभाळते. तिला देणग्या मिळत वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एकच. २०१४ साली तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड उघडकीस आले, तेव्हा कोठे बड्या कंपन्यांच्या थैल्यांची तोंडे सुटली.

संकटकाळचे दान थोर खरेच. परंतु ज्या दिव्याच्या उजेडात आपण नित्य वावरतो, त्याच्या तेलाचा वाटा उचलणे हे दान नव्हे, ते देणे आहे.