पैठणचें भट्ट घराणें : काशींतील पहिलीं वर्षें

वऱ्हाड-नागपूरकडे उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या माणसास ‘परदेशी’ म्हणण्याची चाल जुनी आहे. आमच्या बोरगांव मेघे येथेंही वृद्ध मंडळींच्या तोंडीं हा शब्द अद्याप ऐकूं येतो. ज्या काशीस एकदां तरी जावें अशी प्रत्येकाची इच्छा, ती काशी आपल्या पूर्वजांच्या लेखीं परदेशांत होती, हें या एका शब्दावरून ध्यानांत येतें. यात्रेकरू तेथें जाई व परत येई. त्याला त्या परकेपणाशीं फारसें कर्तव्य नसे. परंतु जें कुटुंब कायमचें राहण्यास गेलें, तें तेथें रुजलें कसें? या प्रश्नाच्या विचारास पैठणच्या भट्ट घराण्याइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

हें घराणें विश्वामित्रगोत्री. विश्वामित्राचा पिता गाधि. म्हणून याच कुळांतील शंकरभट्टानें आपल्या वंशाचें जें चरित्र संस्कृतांत रचिलें, त्यास ‘गाधिवंशानुचरित’ असें नांव आहे. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१२ सालीं ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्यें काशींतील दक्षिणी पंडितांवर लेख लिहून त्याचा परिचय करून दिला. पुढें महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं या घराण्याची वंशावळ व कालनिर्णय बारकाईनें तपासला.

त्या वृत्तांताचा सारांश असा. रामेश्वरभट्ट पैठणास अध्यापन करीत. पुत्र व्हावा म्हणून त्यांनीं कोल्हापुरीं महालक्ष्मीची आराधना केली. पुढें ते कृष्णदेवरायाच्या विजयनगरास गेले व तेथून द्वारकेकडे निघाले. वाटेंत शके १४३५च्या चैत्रांत, म्हणजे मार्च १५१३ मध्यें, ज्येष्ठ पुत्र नारायण जन्मला. द्वारकेस चार वर्षें व पैठणास परत येऊन आणखी चार वर्षें काढल्यावर कुटुंब काशीस निघालें. त्या प्रवासांत दुसरा पुत्र श्रीधर झाला. तिसरा माधव काशींतच जन्मास आला.

कुलवृत्तांत म्हटला कीं त्यांत अतिशयोक्ति असावयाचीच. तथापि येथें हिशेब जुळतो. कृष्णदेवरायाची कारकीर्द १५०९ ते १५२९. तेव्हां नारायणाच्या जन्मापूर्वीं रामेश्वर विजयनगरास जाणें शक्य आहे. वरील वर्षांची बेरीज करतां काशींतील आगमन १५२२च्या सुमारास येतें. शिवाय तीन पुत्रांचीं तीन जन्मस्थानें ही या स्थलांतराची जणूं दिनचर्याच होय. असला तपशील गौरवासाठीं कोणी रचीत नाहीं. तो घरांतील बायकामाणसांच्या आठवणींतून येतो.

नारायण काशीस आला तेव्हां नऊ वर्षांचा होता. दिल्लीस इब्राहीम लोदी राज्य करीत होता. चार वर्षांत पानिपत झालें. मग बाबर, हुमायून, शेरशहा व त्याचे वंशज, पुन्हा हुमायून, आणि १५५६त अकबर, अशी सत्ता हातोहात फिरली. अशा काळीं एकाच राजाश्रयावर विसंबून परक्या शहरांत बिऱ्हाड टिकणें कठीण. तें टिकलें तें रामेश्वरभट्टांच्या पाठशाळेवर, असें आमचें अनुमान आहे. त्यांच्याकडे निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी येत. पाठाची भाषा संस्कृत. तेथें गुरु पैठणचा कीं शिष्य मिथिलेचा, हा प्रश्न उद्भवत नव्हता. नारायणानें शास्त्रें पित्यापाशींच अभ्यासिलीं. बाहेर परदेश आणि आंत पैठण, अशी त्या घराची मांडणी होती.

याचा परिणाम नारायणभट्टांच्या ग्रंथांत दिसतो. ‘वृत्तरत्नाकरा’वरील टीका त्यांनीं १५४५ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं लिहिली. ‘प्रयोगरत्न’ हा संस्कारांचा ग्रंथ. गांवांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यास संस्काराचा क्रम शेजारचा वृद्ध सांगतो. देशांतर केलेल्यास तो लिहून ठेवावा लागतो. ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी व गया या क्षेत्रांचा विधिग्रंथ तर बाहेरून आलेल्या माणसानेंच लिहावा असा आहे. त्यांत विश्वेश्वराविषयीं ते म्हणतात कीं, म्लेंच्छांनीं लिंग हलविलें व त्या स्थानीं दुसरें आलें, तरी यात्रेकरूनें तेथें जें असेल त्याची पूजा करावी. स्वतः मूळ स्थान सोडलेल्या घराण्याच्या लेखणींतून स्थानमाहात्म्याचा हा निर्णय उतरला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें १५८५च्या सुमारास तोडरमल्लाच्या साह्यानें विश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें राहिलें, त्यांत नारायणभट्ट प्रमुख होते. पंडितसभेंत अग्रपूजेचा मान याच घराण्याकडे आला. मधल्या काळांत, १५७३ सालीं, पैठणच्याच एकनाथांनीं आपलें भागवत याच नगरींत पुरें केलें. एकाच गांवच्या दोन घराण्यांची ही कामगिरी. एक मराठींत, दुसरी संस्कृतांत.

कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आजही धर्मनिर्णयास काढला जातो, आणि नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबईच्या उच्च न्यायालयानें प्रमाण मानिला. रामेश्वर, नारायण, रामकृष्ण, दिनकर व विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट अशा पांच पिढ्या. काशीचें देऊळ १६६९त पडलें. पांचच वर्षांनीं, १६७४त, गागाभट्टांनीं रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. ‘काशीचा पंडित आणविला’ असें आपण म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. परंतु तो पैठणचा पणतूचा पुत्र दीडशें वर्षांनीं आपल्या मुलखांत आला होता, हें त्यास जोडल्याखेरीज वाक्य पुरें होत नाहीं.

शेवटीं पोथ्या जमविणाऱ्या मित्रांस एक विनंति. शाळेंत असतां आमच्याकडे एका गृहस्थानें जुनें दप्तर पाहण्यास आणिलें होतें. त्यांतील ग्रंथ मुद्रित व सुलभ आहेत असें पाहून आम्हीं तें परत केलें. शेवटल्या पानाच्या पाठीवर मुलांचे जन्म, मुक्कामांचीं नांवें व उधारीचे आंकडे होते, इतकें आठवतें. वर्षभरानें मागावयास गेलों तों दप्तर रद्दींत गेलें होतें. शंकरभट्टानें लिहिलें म्हणून एक घराणें कळलें. इतरांचें स्थलांतर अशाच पानांच्या पाठीवर आहे. ग्रंथ सामान्य असला तरी पान उलटून पाहावें.