सिगारची पेटी आणि बर्फाची पेटी

१९९६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहाने जॅकलीन केनेडी ओनासिस यांच्या वस्तू विक्रीला काढल्या. त्यांत अक्रोडाच्या लाकडाची सिगार ठेवायची एक पेटी होती. विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी १९६१ मध्ये ती अध्यक्ष केनेडींना भेट दिली होती. ती ५,७४,५०० डॉलरना गेली. घेणारे होते मार्व्हिन शँकन, 'सिगार अफिशिओनाडो' या मासिकाचे प्रकाशक. त्याच सुमारास अमेरिकेतले साधे शौकीन एक वेगळाच उद्योग करू लागले होते. सहलीला बिअर आणि बर्फ न्यायचा प्लास्टिकचा आइसबॉक्स घासूनपुसून, वाळवून ते त्यात सिगार भरून ठेवत. ज्यांना खरी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, परवडत नाही त्यांनी शोधलेली ही पळवाट, असे तिच्याबद्दल आजही बोलले जाते. सिगारच्या साठवणीचा इतिहास पाहिला तर हे मत टिकत नाही. अक्रोडाची पेटी ही दिवाणखान्याची शोभा होती. माल सांभाळण्याचे काम व्यापाऱ्याने नेहमी दुसऱ्याच कशावर तरी सोपवले, आणि आइसबॉक्स हा त्या दुसऱ्या घराण्याचा वारस आहे.

केनेडींचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाशी व्यापारबंदीच्या हुकमावर सही करण्याआधी त्यांनी प्रसिद्धिसचिव पिएर सॅलिंजर यांना हजारभर क्यूबन सिगार गोळा करायला सांगितले, आणि सॅलिंजर यांनी रातोरात 'पेटी उपमन' या छापाच्या १,२०० सिगार जमवल्या. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे १९९२ मध्ये शँकन यांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात सांगितली. बाराशे सिगार म्हणजे टेबलावरच्या पेटीत मावणारा ऐवज नव्हे. तसल्या पेटीत पन्नास-शंभर मावतात. आलेल्या पाहुण्यापुढे झाकण उघडून धरण्यापुरते. साठा आणि मांडणी ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकच समजल्यामुळे आइसबॉक्सवर अन्याय होतो.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा मानवते. त्याखाली ती बराच काळ राहिली की वरचे पान तडकते, पानातली तेले उडून जातात आणि धूर गरम, तिखट लागतो. आर्द्रता त्याहून वर गेली की सिगार फुगते, एकीकडूनच जळते आणि शेवटी बुरशी धरते. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्टा अबाहो हा पट्टा आहे, तिथले पान जगात सर्वोत्तम मानले जाते. तिथली नि हवानाची हवा बाराही महिने दमट. त्या हवेत सिगारला ओलावा पुरवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो काढून घेण्याचा. पान वळायला घेण्याआधी ते भिजवून मऊ करावे लागते, त्यामुळे नुकतीच वळलेली सिगार गरजेपेक्षा ओली असते. हवानाच्या कारखान्यांत अशा सिगार स्पॅनिश सीडार लाकडाच्या कपाटांत काही आठवडे ठेवत, ती जादा ओल लाकडात आणि हवेत जावी म्हणून. (हे झाड सीडार म्हणवत असले तरी देवदाराच्या कुळातले नाही, ते महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुलिंबाच्या नि तुणीच्या कुळातले.) सिगारच्या व्यवहारात या लाकडाचे पहिले मोठे काम ओल शोषण्याचे होते. ओल धरून ठेवण्याचे काम त्याच्या गळ्यात नंतर पडले.

ते कसे पडले, त्याचे उत्तर व्यापारात आहे. १८१७ मध्ये स्पेनच्या राजाने क्यूबातल्या तंबाखूवरची सरकारी मक्तेदारी उठवली आणि हवानाची तयार सिगार युरोपात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. हर्मन उपमन या जर्मन सावकाराच्या नावाचा छाप १८४४ पासूनचा. शिक्क्यानिशी सीडारच्या खोक्यांत सिगार पाठवण्याची चाल त्यानेच पाडली असे सांगतात. ही खोकी दर्यावरच्या दमट हवेतून प्रवास करत, तोवर ठीक होते. खरी अडचण उत्तरेकडच्या घरात, हिवाळ्यात, शेकोटी पेटल्यावर. शून्य अंशावरची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम पाच ग्रॅम वाफ बाळगते. तीच हवा घरात एकवीस अंशांपर्यंत तापवली की तिची धारणशक्ती अठरा ग्रॅमवर जाते, पण आतली वाफ तेवढीच राहते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता पंचवीस-सव्वीस टक्क्यांवर घसरते. दाराबाहेर धुके आणि आत सिगारचे पान कागदासारखे, असा हा प्रकार. सच्छिद्र लाकडाचे खोके इथे सिगारला वाचवत नाही, हळूहळू सुकवते. मग त्याच लाकडाची पेटी अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या आवरणात बसवायची, झाकण घट्ट करायचे आणि आत भिजवलेला बोळा ठेवायचा, असा उलटा संसार सुरू झाला. ह्युमिडॉर ही अशी मुळात तडजोड आहे.

व्यापाऱ्यांनी ती तडजोड स्वतःसाठी कधी स्वीकारली नाही. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले. तिथे गिऱ्हाइकांचा माल त्यांच्या नावाने सांभाळण्याची सोय होती. एप्रिल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात दुकान उद्ध्वस्त झाले, तेव्हा विन्स्टन चर्चिल यांना सर्वांत आधी कळवले गेले ते त्यांच्या सिगार सुखरूप असल्याचे, अशी कथा आहे. कथेतला मीठमसाला वगळला तरी एक गोष्ट उरते: एवढ्या मोठ्या शौकिनाचा साठा केवळ घरातल्या पेटीत नव्हता, दुकानदाराच्या कोठीतही होता. जिनिव्हात झिनो डेव्हिडॉफ यांची कीर्ती झाली ती दुकानाखालच्या तळघरामुळे, जिथे तापमान आणि ओल राखलेली असे. जाड भिंती, थोडी दारे, भरपूर माल. भरपूर माल हा त्यातला महत्त्वाचा भाग, कारण हजारो सिगारच्या अंगातला ओलावाच कोठीच्या हवेला स्थिर ठेवतो. अर्धवट रिकामी पेटी सांभाळणे म्हणूनच सर्वांत अवघड.

घाऊक व्यापाराने आणखी एक गोष्ट केली. ओल राखणे एवढेच काम असेल तिथे लाकूड सरळ बाजूला सारले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पन्नास-पन्नास सिगार पत्र्याच्या डब्यांत विकल्या जात. क्यूबाहून काचेच्या बरण्या येत आणि पुढे अॅल्युमिनियमच्या नळ्या. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रँडनबर्गर यांचे सेलोफेन पाण्याला अडवी, पण वाफेला वाट देई. ड्युपाँ कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी १९२७ मध्ये त्यावर ओलरोधक लेप बसवला आणि सिगार-सिगारेटच्या वेष्टनाला ते सर्रास वापरले जाऊ लागले. पत्रा, काच, अॅल्युमिनियम, सेलोफेन या मालिकेत पुढे प्लास्टिकचा आइसबॉक्स आला, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे?

आइसबॉक्सचा जन्म मात्र सिगारशी संबंध नसलेल्या घरातला. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावच्या रिचर्ड लॅरमी यांनी १९५१ मध्ये हातातून नेता येणाऱ्या बर्फाच्या पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मिळाले. कंदील आणि स्टोव्ह विकणाऱ्या कोलमन कंपनीने ही वस्तू उचलली. १९५७ मध्ये तिने आतून प्लास्टिकचे अस्तर बसवायची पद्धत काढली. पुढे दोन प्लास्टिकच्या भिंतींमध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरणे रूढ झाले. बर्फ वितळू नये म्हणून केलेली ही रचना बाहेरचे चढउतार आत पोचू देत नाही. भिंत वाफ पीत नाही आणि झाकण घट्ट बसते. तळघराच्या जाड भिंतीचे काम तीन-चार सेंटिमीटरच्या फेसात होते.

दोघांची गाठ पडली ती नव्वदच्या दशकात. १९९२ ते १९९७ या पाच वर्षांत अमेरिकेत आयात होणाऱ्या उंची सिगारची संख्या सुमारे दहा कोटींवरून चाळीस कोटींच्या वर गेली. मालाची टंचाई, वाढते भाव, महिनोन्‌महिने प्रतीक्षा. साहजिकच लोक एक-दोन नव्हे तर पंचवीसची अख्खी खोकी मिळतील तेव्हा घेऊन ठेवू लागले. काल फक्त गिऱ्हाईक असलेला माणूस घरच्या घरी कोठीवाला झाला आणि त्याला कोठी हवी झाली. तंबाखूच्या धुरासाठी एवढा खटाटोप करावा का, हा प्रश्न रास्तच आहे. पण इतिहासाला माणसांच्या शहाणपणाची निवड करता येत नाही.

या कोठीची तयारी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण व्यापाराने शतकभरात शिकलेले सगळे तिच्यात थोडक्यात येते. ४५ लिटरचा नवा आइसबॉक्स उघडला की प्लास्टिकचा उग्र वास येतो, जुना असेल तर शिळ्या मासळीचा. तंबाखूचे पान कुठलाही वास चटकन उचलते, म्हणून सगळी लढाई वासाशी. खायचा सोडा कोमट पाण्यात घालून आतून घासायचे, विशेषतः झाकणाच्या खाचेत आणि पाणी काढायच्या भोकाच्या आट्यांत, जिथे चिकट मळ बसतो. मग पांढऱ्या व्हिनेगरचा हात, स्वच्छ पाणी, आणि झाकण उघडे टाकून काही दिवस उन्हात. एवढे करूनही वास राहिला तर वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद भरून बंद ठेवायचे आणि रोज बदलायचे. सुवासिक साबण किंवा फिनेल वापरले की एका वासाच्या जागी दुसरा येतो, एवढेच. भोकाला आतून घट्ट बूच बसवायचे. तळाशी सीडारच्या फळ्या किंवा सिगारची रिकामी खोकी ठेवून आत ओल देणारी पुडी ठेवायची आणि आठवडा-दोन आठवडे सिगार न घालता लाकडाला ओल पिऊ द्यायची. पाणी डिस्टिल्डच, कारण नळाच्या पाण्यातले क्षार साधनांवर बसतात.

आर्द्रतामापक खरे बोलतो की नाही, हे ताडण्याची युक्ती तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीतली आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचे, पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूइतपत करायचे आणि मापकासह घट्ट पिशवीत बंद करायचे. काही तासांनी पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. काटा ७१ दाखवत असेल तर तो चार टक्क्यांनी मागे आहे. ओल घेणारे आणि परत देणारे सिलिका जेलचे दाणेही आधी संग्रहालयांतल्या चित्रांच्या नि हस्तलिखितांच्या काचपेट्यांत रुळले होते. मांजराच्या शौचपात्रात घालायचे सिलिका जेल तेच काम स्वस्तात करते, हे शौकिनांनी हेरले.

आइसबॉक्सवर सर्वांत वजनदार आक्षेप सीडारवाल्यांचा. ते म्हणतात, लाकूड हवेतली ओल घेते-देते आणि मुरताना सिगारला गंध देते; प्लास्टिक हे दोन्ही करत नाही. खरे आहे, पण हा आक्षेप रिकाम्या आइसबॉक्सवर आहे. फळ्या आणि खोकी आत ठेवली की लाकूड आपले हवानातले जुने काम करते, आणि भिंत होण्याची जी जबाबदारी त्याला कधीच नीट पेलली नाही ती प्लास्टिकवर जाते. दुसरा आक्षेप हवाबंदपणाचा: ताज्या सिगारमधून अमोनिया सुटतो, कोंडलेल्या हवेत बुरशी येते. हेही मान्य. पण त्यावर इलाज आठवड्यातून एकदा झाकण उघडण्याचा आहे, आणि तळघराचे दारही कोणी तरी रोज उघडतच असे. तिसरा आक्षेप असा की हॉलंडच्या सुक्या सिगारना यातले काहीच लागत नाही, मग ओलीचे हे स्तोम कशाला? त्याला माझ्याकडे खंडन नाही. उलट तो मुद्दा पुढे नेतो. आपल्याकडे सिन्नरच्या विडी कामगार बाया तेंदूची पाने भिजवून ओल्या गोणपाटात मऊ करतात, पण वळलेली विडी शेकून कोरडी केल्याशिवाय बाजारात जात नाही. किती ओल ठेवायची हे पानाने नव्हे, त्या त्या बाजाराने ठरवले आहे. क्यूबन पद्धतीच्या सिगारचा बाजार ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला, आणि तो आकडा गाठायचा तर कुठली पेटी बरी, एवढाच इथला वाद आहे.

आइसबॉक्सची खरी मर्यादा वेगळी आहे. तो ओल राखतो, थंडावा निर्माण करत नाही. पानात दडलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी हवा चोवीस-पंचवीस अंशांवर गेली की फुटू लागतात, आणि अळ्या सिगारला सुईने टोचावीत तशी भोके पाडतात. क्यूबाची निर्यात कंपनी त्यासाठी गेली काही वर्षे माल आधी गोठवूनच पाठवते. जिनिव्हाच्या तळघरात ही काळजी फारशी नव्हती. पण मेमधल्या मुंबईत आइसबॉक्सची आतली हवा दोन दिवसांत खोलीच्या तापमानाला येते, आणि जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदीला टेकली की पुडीने ओल द्यायची नसून घ्यायची असते. अशा ठिकाणी लोक वाइनच्या छोट्या विजेच्या फ्रिजकडे वळले. त्यातही काँप्रेसरवाला फ्रिज हवा फार सुकवतो, म्हणून पेल्टिए यांनी १८३४ मध्ये नोंदवलेल्या तत्त्वावर चालणारा, काँप्रेसरशिवाय नुसत्या विजेच्या प्रवाहाने थंड होणारा फ्रिज पसंत केला जातो. त्यालाही आतून सोड्याने घासावे लागते आणि पाणी निथळायचे भोक बुजवावे लागते, आणि फळ्या त्याच सीडारच्या बसवतात.