शॉकली ते फेअरचाइल्ड : माणसे तीच, बाजारपेठ निराळी

कॅम्पस मुलाखतींचे दिवस आले की तुमच्या महाविद्यालयात एकच चर्चा असते : कोणती कंपनी कोणाला घेणार? ती कंपनी माल कोणासाठी बनवते, हे फारसे कोणी विचारत नाही. या दोन प्रश्नांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर १९५०च्या दशकातील कॅलिफोर्नियाकडे पाहा. तेथे तीच माणसे लागोपाठ दोन कंपन्यांत काम करताना दिसतात.

ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल विल्यम शॉकली यांना १९५६ साली जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्यांनी माउंटन व्ह्यू येथे आपली प्रयोगशाळा थाटली. भांडवल आर्नल्ड बेकमन यांच्या कंपनीचे होते. बेल प्रयोगशाळेतील जुने सहकारी त्यांच्याकडे यायला तयार झाले नाहीत. मग शॉकलींनी देशभरातून तरुण शास्त्रज्ञ आणि अभियंते शोधले आणि त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्याही घेतल्या. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी ही त्यांतली काही नावे. माणसांची पारख करण्यात शॉकली खरोखरच वाकबगार होते. माणसे सांभाळणे मात्र त्यांना जमले नाही. एका कर्मचारी स्त्रीच्या हाताला टोचले, तर त्यांनी घातपाताचा संशय घेऊन सर्वांची खोटे पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी करायची ठरवली. टोचली होती ती डोके तुटलेली साधी टाचणी.

पण तुम्ही केवळ स्वभावाकडे बोट दाखवून थांबू नका. शॉकलींनी सिलिकॉन ट्रान्झिस्टरवरचा भर कमी करून चार थरांच्या डायोडवर शक्ती लावली. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरला जाईल, ही त्यांची अपेक्षा. अमेरिकेत तेव्हा टेलिफोनचा कारभार बहुतांशी एकाच कंपनीच्या हाती होता. म्हणजे गिऱ्हाईक जवळपास एकच, आणि डायोड सारख्या गुणवत्तेचा बनवणेही अतिशय कठीण. कल्पना टाकाऊ नव्हती. चार थरांची रचना पुढे वीजनियंत्रणात खूप चालली.

सप्टेंबर १९५७मध्ये आठ जण बाहेर पडले. आर्थर रॉक यांच्या मध्यस्थीने फेअरचाइल्ड कॅमेरा कंपनीने त्यांना भांडवल दिले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. त्यांनी गिऱ्हाईक निवडले ते लष्करी विमानांसाठी संगणक बनवणारे. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेत टिकत नसत; सिलिकॉनचे टिकत. आयबीएमने पहिली मागणी नोंदवली ती १०० ट्रान्झिस्टरची, प्रत्येकी १५० डॉलरने! अशा गिऱ्हाइकाला किमतीपेक्षा भरवसा महत्त्वाचा असतो. बाजारपेठ 'वाढणारी' आहे असे आपण म्हणतो तेव्हा केवळ गिऱ्हाइकांची संख्या मोजून भागत नाही. ज्याची अडचण दुसरे कोणी सोडवू शकत नाही असे गिऱ्हाईक आहे का, हे आधी पाहावे लागते.

या गिऱ्हाइकाच्या कटकटीतूनच पुढचे संशोधनही आले. ट्रान्झिस्टरच्या डबीवर टिचकी मारली की आतला सुटा कण हलून काही ट्रान्झिस्टर निकामी होत. होर्नींनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर तसाच राखून हा दोष घालवला. हीच १९५९ची 'प्लेनर' पद्धत. तिच्याच आधारावर नॉइस यांनी त्याच वर्षी एकात्मिक मंडलाची, म्हणजे आजच्या चिपची, रचना मांडली. शॉकलींची प्रयोगशाळा मात्र १९६० साली बेकमन यांनी विकून टाकली.

फेअरचाइल्डनेही नंतर तीच चूक निराळ्या प्रकारे केली. मूळ कंपनीने १९५९मध्ये कराराप्रमाणे संस्थापकांचे भाग विकत घेतले. मालक होते ते पगारी झाले. एकेक जण निघू लागला. १९६८मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली, अँड्र्यू ग्रोव्ह यांना बरोबर घेतले, आणि संगणकातील चुंबकीय कड्यांच्या स्मृतीची जागा घेईल अशी चिप बनवायला सुरुवात केली.